पाचवा ठिपका

१

मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. ओळखपत्रांचे फोटो काढायचं त्यांचं दुकान होतं आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला ते दटावत असत. मान सरळ, खांदे खाली, हसू नका, रडायला तर अजिबात बसू नका. त्यामुळे गल्लीने त्यांना मास्तर करून टाकलं आणि त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई. चाळीस वर्षांनी दुकान बंद झालं, पण नाव काही सुटलं नाही.

दुकानात त्यांचा एक नेम होता. फोटो तयार झाला की आधी डोळे बघायचे. दिव्याचा पांढरा ठिपका बुबुळात पडलाय का? नसेल तर फोटो फाडायचा आणि माणसाला पुन्हा बसवायचं. "ठिपका नाही तर माणूस मढ्यासारखा दिसतो," असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत. जास्तीचा ठिपकाही त्यांना खपत नसे. बारीक ब्रश घ्यायचा आणि नको तो ठिपका मारायचा, तेही थेट निगेटिव्हवर. पुढे कॉम्प्युटर आला तरी सवय तीच राहिली. मूळ प्रत वेगळी ठेवा असं लोक सांगत. मास्तर म्हणत, "एका माणसाला दोन चेहरे कशाला हवेत?" आणि त्याच फोटोवर काम करून, सेव्ह करून मोकळे होत.

आता ते पाखरांचे फोटो काढत होते, आणि त्याला कारण बायको होती. आठ महिन्यांपूर्वी बाईंच्या डोक्यात रक्ताची गुठळी झाली. डावी बाजू गेली, उजेड सहन होईना, आणि त्या अंथरुणाला खिळल्या. त्याआधी रोज सकाळी त्या झोपायच्या खोलीच्या खिडकीशी चहाचा कप घेऊन उभ्या राहत आणि मागच्या अंगणातली पाखरं बघत. मुठीत मावतील एवढाली, तपकिरी, पोटाशी पिवळी. आता त्या खिडकीवर जाड पडदा होता आणि त्याच्या कड्या आठ महिन्यांत सरकल्या नव्हत्या. बाई खिडकीपर्यंत जाऊ शकत नाहीत, तर पाखरांनाच आत न्यायचं असं मास्तरांनी ठरवलं.

काम वाटतं तेवढं सोपं नाही. एवढंसं पाखरू उडालं की फोटोत नुसता धुरळा येतो. मास्तरांनी चार फ्लॅश लावले. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक वर, एक खाली, आणि चारही अगदी कमी ताकदीवर. फ्लॅश जेवढा कमी, तेवढा त्याचा क्षण छोटा आणि पंख तेवढे स्वच्छ. पाण्याच्या भांड्याशी एक फांदी रोवली, मागे राखाडी रंगाचा फळा उभा केला, आणि फांदीसमोर डोळ्याला न दिसणारा किरण सोडला. पाखराने तो किरण ओलांडला की कॅमेरा आपला आपण चालायचा. मास्तर फक्त शेजारी स्टुलावर बसत, घराकडे पाठ करून. त्यांच्या पाठीशीच ती पडदा ओढलेली खिडकी होती.

प्रत्येक फोटोत पाखराच्या डोळ्यात चार ठिपके येत, पतंगाच्या चार कोपऱ्यांसारखे. सवयीप्रमाणे मास्तर तीन मारणार होते, पण बाईंनी अडवलं. "राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "पाखराने घरात दिवे लावल्यासारखे वाटतात." म्हणून चार राहिले. फोटो छापून होत आणि पलंगासमोरच्या भिंतीवर लागत. नर्सबाई म्हणत होत्या की सुधारणा आहे, डाव्या हाताची दोन बोटं हलायला लागली आहेत, थंडी संपेपर्यंत उठून बसवू. मास्तरांचा सगळा जीव त्या दोन बोटांत अडकला होता.

महिन्याभराने एका दुपारी बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "अहो, छान आहेत सगळी. पण हलत नाहीत."

"फोटो कसा हलेल?"

"तेच म्हणतेय. मला फोटो नकोत. पाखरं हवीत."

"पडदा उघडला तर डोकं उठेल तुझं. मागच्या वेळी दोन दिवस ओरडत होतीस."

"मग राहू द्या," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मान फिरवली. मास्तरांना फार वाईट वाटलं.

२

दुसऱ्या दिवशीच्या फोटोंत पाच ठिपके होते.

चार आपापल्या जागी, आणि पाचवा त्यांच्या जरा डावीकडे, बारीक, मंद. आधी त्यांना वाटलं पाण्याचा थेंब असेल. पण तो सगळ्या फोटोंत होता. तुटक्या शेपटीचं एक पाखरू रोज यायचं, त्याच्या डोळ्यात तर अगदी ठळक. मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. फ्लॅश चार असतील तर ठिपके चार. हे काही मतदान नव्हे, की एखादा जास्तीचा निघाला.

त्यांनी शोध सुरू केला. स्टीलची बादली उचलून आत ठेवली. दोरीवरचे चिमटे काढले. बायकोची धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची आणि रोज सकाळी मदतीला यायची. ती दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

"भाऊजी, सगळं झाकलंत, पण खरी चकाकणारी वस्तू राहिलीच की," ती म्हणाली आणि त्यांच्या टकलाकडे बोट दाखवलं.

मास्तर गुरगुरले, पण टोपी घालून आले. पाचवा ठिपका तिथेच. मग त्यांनी हिशेब केला. पाखराचा डोळा म्हणजे फुगीर आरसा, त्यात डावीकडे दिसतं ते कॅमेऱ्यामागे कुठे असणार? बोट बरोबर झोपायच्या खोलीच्या खिडकीवर गेलं. तेवढ्याने त्यांना हायसं वाटलं. काच चमकत असणार, दुसरं काय. त्यांनी खिडकीवर बाहेरून काळी चादर ठोकली, चारी बाजूंनी खिळे मारून.

त्यानंतरच्या फोटोतही ठिपके पाचच आले.

मास्तर वैतागले. भीती वगैरे काही नव्हती, नुसता वैताग. आयुष्यभर डोळ्यांतले नको ते ठिपके मारलेल्या माणसाला पाखराने असं खिजवावं! संध्याकाळी ते कॉम्प्युटरपाशी बसले, दिवसभराचे नऊ फोटो उघडले आणि नऊच्या नऊ पाचवे ठिपके पुसून टाकले. हाताला सांगावं लागलंच नाही. सेव्ह केलं, चार फोटो छापले आणि भिंतीवर लावले. चार दिवे, पूर्वीसारखे.

त्या संध्याकाळी बाईंची दोन बोटं हलली नाहीत.

३

आठवडा असा गेला. सकाळी फोटो, संध्याकाळी पुसापुशी. नर्सबाई बाईंचा हात हातात घेऊन बसत. "थंडीने होतं असं," एवढंच एकदा म्हणाल्या. बोटांमागून बाईंचे शब्द जायला लागले. चमच्याला त्या 'ते' म्हणत, बहिणीलाही 'ते' म्हणत. धाकटी त्यांच्यासमोर हसायची आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

एका सकाळी मास्तर बाईंना दूध पाजत होते. बाई एकाएकी स्पष्ट म्हणाल्या, "तुटक्या शेपटीचा भांडतो फार. काल दुसऱ्याला भांड्यातच पाडलं त्याने."

मास्तरांचा चमचा हवेतच राहिला. हे काल घडलं होतं, पण ते फोटोत आलं नव्हतं. किरणाच्या पलीकडे, भांड्याच्या कडेला झालं होतं. त्यांनी एकट्याने पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुला कसं कळलं?"

"बघितलं की."

"कुठून?"

"खिडकीतून." बाईंना शब्द शोधायला वेळ लागत होता. "तुमचं ते चमकतं ना... चमकलं की मी खिडकीत असते. उभी. मग पुन्हा इथे."

"स्वप्न पडतं तुला."

"असेल," बाई म्हणाल्या. त्या वाद घालणाऱ्या बाई, चाळीस वर्षं एकही वाद न सोडलेल्या, आता 'असेल' म्हणत होत्या. "बरं वाटतं हो तिथे. पाय दुखत नाहीत. पण संध्याकाळी कुणीतरी पुसतं."

"काय पुसतं?"

"मला. ओलं बोट फिरवल्यासारखं. मग दुसऱ्या दिवशी खिडकी लवकर सापडत नाही."

मास्तरांनी दुधाचा कप खाली ठेवला. डोकं आपलं काम करतच होतं. फ्लॅशचा टक् असा आवाज खोलीत ऐकू येतो. पाखरांचं भांडण धाकटीने पाहिलं असेल, तिने सांगितलं असेल. आजारी माणूस काहीबाही जुळवतं. सगळं कसं ठीक बसत होतं. फक्त संध्याकाळी ते काय करतात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, ते तेवढं बसत नव्हतं.

"मी आहे ना इथे," ते म्हणाले. यापेक्षा पोकळ वाक्य त्यांनी आयुष्यात उच्चारलं नसेल.

४

त्या दिवशी एकच फोटो मिळाला. आभाळ भरून आलेलं, पाखरं फिरकली नाहीत. शेवटी तुटक्या शेपटीचा आला, किरण ओलांडून गेला, फ्लॅश टक् करून चमकले.

मास्तरांनी तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि पहिल्यांदाच पाचवा ठिपका न पुसता मोठा केला. आणखी मोठा. बाकीचे चार मोठे केल्यावर फ्लॅशच्या तोंडासारखे चौकोनी, भगभगीत दिसत. पाचवा उभट होता. मऊ उजेडाचा. खिडकीच्या आकाराचा म्हणावा तर खिडकीच, पडदा नसलेली, वर चादर न ठोकलेली. आणि तिच्यात एक काळसर रेघ होती, वरच्या टोकाला जराशी कललेली.

ही मान मास्तरांना ओळखू येणार नाही तर कुणाला येणार? लग्नाच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी दुकानात बसवून तिचा फोटो काढला होता आणि सतरा वेळा सांगूनही ती मान सरळ झाली नव्हती. शेवटी त्यांनी कललेल्या मानेचाच फोटो भिंतीवर लावला होता.

ती उभी होती. आठ महिन्यांनी मास्तरांनी बायकोला आपल्या पायांवर उभं पाहिलं, पाखराच्या मोहरीएवढ्या डोळ्यात. त्यांना रडू फुटलं आणि ते त्यांनी आवरलंही नाही.

मग त्यांनी जुने फोटो उघडायला घेतले. एकामागून एक. पहिल्या दिवसाचे नऊ, दुसऱ्या दिवसाचे सहा. सगळे मिळून एकेचाळीस, आणि सगळ्यांत चारच ठिपके. पाचव्याच्या जागी काळंभोर बुबुळ, इतकं सफाईने पुसलेलं की आपण पुसलंय हे त्यांचं त्यांनाही दिसत नव्हतं. मूळ प्रत एकाचीही नव्हती. एका माणसाला दोन चेहरे कशाला हवेत?

एक मात्र उरला होता. आजचा.

हा जपायचा. हा मोठा छापून तिच्या उशाशी ठेवायचा आणि सांगायचं, बघ, तू उभी आहेस. फक्त चेहरा दिसत नव्हता. फोटो खूप मोठा केला की कण दिसायला लागतात, तसे तिच्या भोवती दाटून आले होते. मास्तरांनी ब्रश अगदी बारीक केला. तिला हात लावायचा नाही, फक्त आजूबाजूचे कण. एक काढला. त्याखाली दुसरा होता. खांद्याशी एक, कानापाशी एक. चौकट कशी उजळ, स्वच्छ होत गेली. मास्तर कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बसले होते, दुकानात बसत तसे, आणि कित्येक महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

"भाऊजी, चहा!" धाकटीने आतून हाक मारली.

"आलो," ते म्हणाले.

कॉम्प्युटर आल्यापासून खुर्ची सोडताना त्यांनी काम सेव्ह केलं नाही असं कधी झालं नव्हतं. बोट आपलं आपण गेलं. उठता उठता त्यांनी फोटो थोडा लहान करून लांबून पाहिला. खिडकी लख्ख झाली होती. आत एकही कण नव्हता, आणि रेघही नव्हती.

५

डॉक्टर आले तेव्हा बाईंचे डोळे उघडे होते. श्वास चालू होता, नाडी चालू होती. डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांवर टॉर्च मारला, बंद केला, पुन्हा मारला.

"उजेडाने त्रास व्हायचा ना यांना?"

"व्हायचा," धाकटी म्हणाली. "किंचाळायची ताई."

डॉक्टरांनी टॉर्च खिशात ठेवला. "ऐकतायत का ते सांगता येणार नाही. बोलत राहा त्यांच्याशी," ते म्हणाले, आणि जाताना त्यांनी मास्तरांचा खांदा दाबला.

मास्तरांचा टॉर्चवर विश्वास नव्हता. त्यांनी अंगणातले चारही फ्लॅश सोडवून आणले आणि पलंगाभोवती लावले. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. धाकटी म्हणाली, "अहो, काय करताय? सहन होणार नाही तिला." त्यांनी ऐकलं नाही. खरं तर तिने किंचाळावं एवढीच त्यांची इच्छा होती.

फ्लॅश टक् करून चमकले. बाईंनी डोळे मिटले नाहीत.

फोटो तसा उत्तम होता. उशीचे दोरे दिसत होते, भुवईतला पांढरा केस दिसत होता, मान कललेली होती. फक्त डोळ्यांत काही नव्हतं. चार फ्लॅश हातभर अंतरावरून उडाले होते आणि बुबुळांत एकही ठिपका पडला नव्हता. मास्तरांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा. काळं, आणि त्यापुढे पुन्हा काळंच.

पुढचे तीन दिवस ते अंगणात बसले. फ्लॅश पुन्हा जागच्या जागी लावले, चादर काढून टाकली. पाखरं खूप आली. एकशे बारा फोटो झाले. चार ठिपके, चार ठिपके, चार ठिपके. मध्ये मध्ये ते खोलीत जाऊन बोलत बसत. "आज तुटक्या शेपटीचा आला होता. तू बघितलंस का?" धाकटीला ते ऐकवेना. ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

६

चौथ्या दिवशी सकाळी मास्तरांनी बायकोचा तो फोटो उघडला.

दुकानात असा फोटो आला असता तर त्यांनी फाडला असता आणि माणसाला पुन्हा बसवलं असतं. इथे पुन्हा कुणाला बसवणार? दुसरा उपायही त्यांना ठाऊक होता. घाईच्या गिऱ्हाइकांसाठी तो ते कधीमधी करत, आणि करताना त्यांना नेहमी थोडी लाज वाटे. त्यांनी ब्रश घेतला, पांढरा रंग घेतला, आणि बाईंच्या उजव्या बुबुळात, घड्याळाचा काटा दहावर असतो त्या जागी, एक ठिपका ठेवला. मग डाव्या बुबुळात. गोल, स्वच्छ, काठ न पसरलेला. गल्लीतल्या काही ओळखपत्रांत त्यांच्या हातचे असे ठिपके होते आणि कधी कुणाला कळलं नव्हतं.

चेहरा एकदम जिवंत झाला. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. ही लबाडी आहे हे त्यांना कळत होतं, पण तीन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडे बघत होतं.

त्यांनी सेव्ह केलं आणि ते अंगणात जाऊन बसले. पाठ घराकडे, समोर फांदी, भांडं, राखाडी फळा. आत धाकटी ताईचे केस विंचरत होती, तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने तुटक्या शेपटीचा फांदीवर येऊन बसला. तो पाण्याकडे न बघता मास्तरांच्या मागे कुठेतरी बघत होता. मग तो घाबरल्यासारखा उडाला, फ्लॅश चमकले, आणि तो कुंपणापलीकडे निघून गेला.

मास्तरांनी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो उघडला. पंखांचं पीस न् पीस स्वच्छ आलं होतं. डोळ्यात पाच ठिपके होते.

आली. परत आली. त्यांनी घाईघाईने फोटो मोठा केला. चार फ्लॅश चौकोनी झाले, भगभगीत. पाचवा चौकोनी झाला नाही. उभटही झाला नाही. कितीही मोठा केला तरी तो गोलच राहिला, पांढराशुभ्र, काठ न पसरलेला. त्यात खिडकी नव्हती, कललेली मान नव्हती. तो ब्रशने ठेवलेला होता, आणि तो हात कुणाचा होता हे मास्तरांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

मागे आत धाकटीचं गुणगुणणं थांबलं. कंगवा खाली पडला. मग पडद्याच्या कड्या सरकल्या, सगळ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"भाऊजी!" धाकटी आनंदाने किंचाळली. ती हसत होती आणि रडतही होती. "अहो भाऊजी, इकडे बघा! ताई उठली! आपली आपण उठली! खिडकीत उभी आहे, तुमच्याकडेच बघतेय! उन्हाचाही त्रास नाही तिला, पापणीसुद्धा लवत नाही बघा!"

मास्तरांनी वळून पाहिलं नाही. कॅमेऱ्यावरच्या त्या पांढऱ्या गोलाकडे त्यांचं बोट आपलं आपण निघालं, पुसायला, आणि ते त्यांनी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवलं. आठ महिने त्यांनी हेच तर मागितलं होतं, तिने उठावं.

"अहो," खिडकीतून बायकोचा आवाज आला, अगदी स्पष्ट, एकही शब्द न शोधता. "मान सरळ आहे ना आता माझी?"